रानगाड्याची नंबरपाटी

"दादा, त्यो हॉर्न आज वाजणार हाय, का म्या मेल्यावर?"

माझी धाकटी बहीण व्हर्ला शेडच्या दारात उभी होती. काखेत ओलं कोकरू, कोपरापर्यंत रक्त नि चिकटा, आणि तोंड चालू. मेंढ्या व्यायला लागल्या की मार्च महिनाभर तिचं तोंड मिटत नाही. बाहेर वाऱ्यानं नुसता कहर केला होता. शेडचे पत्रे उचकटून परत आपटत होते, आणि बर्फ वितळून मेंढवाड्यात घोट्याएवढा चिखल झाला होता.

"वाजंल," मी गाड्याखालून म्हणालो. "तवर तू वाजतीयास तेवढं बास हाय."

"उद्या सकाळी आठला केंडल येणार. आन् बारा वाजता थेनला फेअरलीत पोचायचंय. ध्यानात हाय न्हवं?"

"हाय बाई, हाय. मी काय झोपा काढायला आडवा झालोय व्हय इथं?"

थेन म्हणजे तिचा नवरा. तो पालथ्या बादलीवर दोन कोट घालून बसला होता आणि मागितला तो पाना माझ्या हातात देत होता. त्याची दोन्ही मूत्रपिंडं दोन वर्षांमागं बसली. तवापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार फेअरलीच्या दवाखान्यात जायचं, चार तास यंत्राला लागून रक्त धुऊन घ्यायचं आणि परत यायचं. एक वार चुकला की पाय सुजतात, श्वास पुरत नाही; दोन चुकले की खेळ खलास. फेअरली सव्वीस मैल. आठ मैल कच्चा रस्ता, पुढं अठरा मैल डांबरी.

आणि जायला काय, तर हे गाडं. चार चाकं, दोन सीट, वर नुसता पाइपांचा सांगाडा, मागं आजारी मेंढी टाकायला खोकं. रानात, खडकात, चिखलात हे कुठंबी चढतं, पण डांबरावर त्याला बंदी. ऑगस्टात डोंगराला वणवा लागला, त्यात गवताच्या गंजीसकट दोन्ही पिकअप जळून कोळसा झाले, त्यांचा पण आणि माझा पण. गाडं वाचलं, कारण त्या वेळी व्हर्ला त्यावर बसून मेंढरं खाली हाकलत होती. नवा पिकअप घ्यायची कुणाची ऐपत नव्हती. नाताळपर्यंत शेजाऱ्यांनी पाळ्या लावून थेनला नेलं. शेजारी म्हणजे तरी कोण, सगळ्यात जवळचं घर नऊ मैलांवर. त्यांच्या पण मेंढ्या, त्यांची पण पोरंबाळं. जानेवारीत पाळ्या मोडल्या आणि मी थेनला गाड्यावर घालून न्यायला लागलो. परवाना माझ्याकडंच होता. व्हर्ला नऊ वर्षांची असल्यापासून ट्रॅक्टर, ट्रक, सगळं रानात पळवते, पण डांबरावर कधी गेलीच नाही. विचारलं की म्हणायची, "माझी मेंढरं डांबर खात न्हाईत."

अडीच महिने निभावलं. गेल्या शुक्रवारी परत येताना केंडलनं अडवलं. केंडल म्हणजे शेरीफच्या हाताखालचा पोलीस, आमच्या खोऱ्यातलाच पोरगा. लोकर कातरायला माझ्याच हाताखाली शिकला. टोपी काढून हातात धरली त्यानं, म्हणाला, "ऑरिनकाका, आतापातूर म्या बघितलं न्हाई असं केलं. आता वर तक्रार गेलीया. आरसे, हॉर्न, वळायचे दिवे, ब्रेकचा दिवा, फुडं काच, आन् पाटी. येवढं करा. सोमवारी येऊन बघतो, सही करतो, त्यो कागद घेऊन फेअरलीला गाड्यांच्या कचेरीत जावा, पाटी मिळंल. तवर चाक डांबराला लागलं तर मला गाडं उचलून न्यावं लागंल बघा."

म्हणून माझी ही मरमर चालली होती. वळायचे दिवे घोडे न्यायच्या ट्रेलरचे काढले. हॉर्न बाच्या जमान्यातल्या भंगार ट्रकचा. एक आरसा ट्रॅक्टरचा, आणि दुसरा थेनचा दाढीचा.

"आता दाढी कशात बघून करू?" थेननं विचारलं.

"गाड्यात बसून करायची," मी म्हणालो. "वाटंत येळ असतुय तुला."

तारा जोडल्या, बटण दाबलं. हॉर्न असा काय भुंकला की मेंढवाड्यातल्या सगळ्या मेंढ्या एका कोपऱ्यात जाऊन कोंबल्या आणि व्हर्लानं मला जी शिवी दिली ती इथं सांगण्यासारखी नाही. पण ती हसत होती, मला ऐकू आलं.

सोमवारी आठच्या ठोक्याला केंडल आला. एकेक गोष्ट बघून कागदावर खुणा करत गेला. दिवे लागले. काच हलवून बघितली. दाढीच्या आरशापाशी थांबला, वाकून त्यात आपलंच तोंड बघितलं, आणि म्हणाला, "आरसा म्हंजे आरसा. कसला ते कागदावर लिव्हलेलं न्हाई."

"मंग सही कर की," व्हर्ला म्हणाली. "नऊ वाजत आले."

"एकच राहिलं, काकू. चेसीवरचा नंबर कागदाशी मिळवायचा."

कागद होता. तीन वर्षांमागं म्हाताऱ्या लव्हॉनकडनं चौदा मेंढ्यांच्या बदल्यात गाडं घेतलं, तवा त्यानं सगळं लिहून दिलं होतं. केंडल बॅटरी घेऊन चिखलात पाठीवर आडवा झाला आणि गाड्याखाली सरकला. बराच वेळ आत काहीतरी पुसत राहिला.

"काका," मग आतून आवाज आला, "ही खूण कुणी मारली?"

"मीच की. दुसरं कोण मारणार?"

आमच्या खोऱ्यात ज्यावर खूण नाही ते आपलं नाही. व्हर्लाच्या घराची खूण म्हणजे छपराखाली व्ही. मेंढ्यांच्या पाठीवर तीच, घोड्यांच्या पुठ्ठ्यावर तीच, फावड्याच्या दांड्यावर, पाण्याच्या टाकीवर, दाराच्या खांबावर तीच. गाडं घरी आलं त्याच दिवशी मी वेल्डिंगची कांडी घेऊन चेसीवर छपराखालचा व्ही जोडला होता. चांगली सपाट जागा शोधली, आधी ग्राइंडर फिरवून चकाचक केली, मग जोडला. लई सुबक झाला होता. तवा सगळ्यांनी वाखाणला होता.

केंडल बाहेर आला. अंगभर चिखल. माझ्याकडं तोंडच वळवीना.

"काका, जिथं ग्राइंडर फिरवला तिथंच नंबर व्हता. एक आकडा राहिला न्हाई."

वारा तेवढा बोंबलत होता.

"म्हंजे?" व्हर्लानं विचारलं.

"म्हंजे काकू, घासलेल्या नंबराची गाडी कायद्यानं चोरीची. चोरीची न्हाई हे कळंपातूर तरी. म्या सही केली तर माझी नोकरी जाईल. खरं तर आत्ता उचलून न्यायला पायजेल."

"चोरीची? लव्हॉननं सोताच्या हातानं आणून सोडलीया! सगळ्या खोऱ्याला ठावं हाय! आमची खूण हाय तिच्यावर!"

"तीच तर पंचाईत झालीया, काकू."

थेन पायरीवर तयार होऊन बसला होता, मांडीवर डबा, डब्यात मटण-पाव नाही, नुसता मीठ न घातलेला भात, तेवढंच त्याला चालायचं. त्यानं डबा बाजूला ठेवला आणि बुटाची नाडी सोडायला लागला.

तेवढ्यात केंडलचा वायरलेस वाजला. खिंडीत ट्रक उलटला होता, त्याला पळणं भाग होतं. "बुधवारी सकाळी मी सोता येतो," जाता जाता म्हणाला. "तिघांना माझ्या गाडीतनं नेतो. थेनकाकाला दवाखान्यात, तुम्हाला कचेरीत. पर एकदाच. सबंध खोऱ्याला मी एकटा हाय, रोज न्हाई जमायचं. आज ॲम्ब्युलन्स बोलवू का?"

"तिचं बिल भराया कळप इकावा लागंल. मेल्यावर बोलव," थेन म्हणाला. "तवा मी तकरार करणार न्हाई."

शुक्रवार ते बुधवार. पाच दिवस.

मंगळवारी त्याचे घोटे दिसेनासे झाले. आडवं झालं की श्वास कोंडायचा म्हणून खुर्चीत बसूनच होता. व्हर्ला पाण्याचा घोट मोजून देत होती. दुपारी सूप घेऊन आली तर त्यानं वाटी सारली.

"बास झालं ग," तो म्हणाला. "तुझी कोकरं मराया लागलीत तिकडं. माझ्यापायी किती पळशील? बुधवारी म्या जात न्हाई. कुणाचा दोष न्हाई. मला सोड आता."

व्हर्ला वाटी उचलून बाहेर गेली. मी मागनं गेलो तर मेंढवाड्याच्या कुडाला कपाळ टेकून उभी होती आणि सूप चिखलात सांडत होतं.

"व्हर्ले," मी म्हणालो.

"माझ्याशी बोलू नगंस," ती म्हणाली. "तुझ्या त्या ग्राइंडरला आग लागो."

त्या दिवशी मला माझा उजवा हात तोडून टाकावासा वाटला. खोटं नाही सांगत. आणि जे मला ठाऊक होतं ते तिला ठाऊक नव्हतं, त्यानं तर जास्तच जळत होतो.

बुधवारी केंडलनं आधी इंजिनावरचा नंबर टिपून घेतला. तो लव्हॉनच्या कागदाशी जुळला. थेनला खुर्चीसकट उचललं. नको नको म्हणत होता, पण भांडायलाही श्वास लागतो. पोलिसाच्या गाडीत मागं जाळीच्या आड आम्ही तिघं बसलो. फेअरलीच्या नाक्यावर पेट्रोल भरणारे टकमक बघायला लागले. व्हर्लानं काच खाली केली आणि ओरडली, "काय बघताय? बँक लुटलीया आमी!"

थेनला यंत्राला लावून आम्ही कचेरीत गेलो. खिडकीमागं मार्वा नावाची बाई. गळ्यात दोरीचा चष्मा, तोंडावर माशी बसली तरी हलायची नाही. तिनं सगळे कागद वाचले, परत वाचले.

"इंजिनाचा नंबर जुळतोय," ती म्हणाली. "मग चेसीला नवा नंबर देता येतो. पण ज्यानं जुना घासला त्यानं शपथेवर लिहून द्यायला हवं, की का घासला. केंडलनं लिहिलंय, या गाड्यांवर नंबर खोल कोरलेला असतो. कुणाच्याही नजरेला येतो."

"गंज व्हता," मी म्हणालो.

"गंजानं खोल कोरलेले आकडे बुजतात?"

"मातीनं भरला व्हता."

"ग्राइंडर फिरवायच्या आधी पुसलं नाहीत?" तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "हे बघा, जाणूनबुजून घासला असेल तर गुन्हा आहे, गाडी जप्त. चुकून घासला असेल तर ती चूक कशी झाली ते मला पटायला हवं. खोटी शपथ घेऊ नका. मी वीस वर्षं इथं बसलेय."

केंडलनं घसा खाकरला. व्हर्ला माझ्याकडं वळली. मला व्हर्ला म्हणजे एक भुरकट आकार दिसत होता, त्याला लाल स्कार्फ.

"मला दिसत न्हाई," मी म्हणालो.

"काय?"

"दिसत न्हाई मला! चार वर्सं झाली. दोनी डोळ्यांत सारा, मोतीबिंदू, आलाय. हातानं चाचपून जागा सपाट लागली, घासली. आकडे दिसलेच न्हाईत. लिवा. घ्या लिवून."

व्हर्लाचा आवाज सगळ्या कचेरीत घुमला.

"आन् तू माझ्या नवऱ्याला त्या डांबरावरनं न्हेत व्हतास? आंधळा? अडीच म्हैने?"

"थेनला ठावं व्हतं."

"काय ठावं व्हतं?"

"त्यो सांगायचा. डावीकडं घे, फुडं ट्रक हाय, आता थांब. मी पांढरी रेघ धरून जायचो, बाकीचं त्यो बघायचा. तुला सांगितलं असतं तर तू जाऊच दिलं नसतंस."

"दिलंच नसतं!" ती ओरडली आणि मग मटकन बाकावर बसली. जाऊ दिलं नसतं तर काय झालं असतं, हे तिलाही तिथंच कळलं असावं.

मार्वानं सगळं लिहून घेतलं. मी अंगठ्यानं ओळ चाचपून सही केली. तिनं गाड्याला नव्या नंबराचा पत्रा दिला आणि नंबरपाटी दिली, करकरीत नवी. "या पत्र्यावर काही जोडू नका," म्हणाली. मग हात पुढं केला. "आता तुमचा परवाना द्या. हे ऐकल्यावर मला तो ठेवता येणार नाही."

मी दिला. पंचावन्न वर्षं खिशात होता. तिनं कात्रीनं त्याचा कोपरा कापला.

घ्या. आता गाडं कायदेशीर झालं, आणि चालवणारा कुणी उरला नाही. पाटी माझ्या मांडीवर होती. हसावं का रडावं कळेना, आणि मला दोन्ही आलं नाही. केंडलनं टोपी डोक्यावर घातली, परत काढली.

व्हर्ला उठून खिडकीशी गेली. "बाई, मला काय लागंल?"

"कसलं?"

"परवाना. सासष्ट वर्सांची हाय. ट्रॅक्टर चालवते, ट्रक चालवते, मेंढरं भरलेला ट्रेलर उलटा घाट उतरवते. डांबरावर गेली न्हाई येवढंच."

"रस्त्यावरची परीक्षा घेणारा माणूस महिन्यातून एकदा येतो. परवाच येऊन गेला." मार्वानं एक खण उघडला. "लेखी परीक्षा आज देता येईल. पास झालात तर शिकाऊ परवाना. पण त्यावर एकटीनं चालवता येत नाही. शेजारी परवाना असलेला माणूस बसायला हवा. जिवंत, जागा, शुद्धीवर. नुसता बसवलेला चालत नाही."

व्हर्लानं पिशवीत हात घातला. दवाखान्यात आडवं होताना थेननं पाकीट तिच्याकडं दिलं होतं. तिनं त्यातलं कार्ड काढून खिडकीत ठेवलं. थेननं ते मूत्रपिंडं बसायच्या आधीच्या वाढदिवसाला नवं केलं होतं.

मार्वानं कार्डाच्या दोन्ही बाजू बघितल्या. "हा माणूस..."

"यंत्राला लागलाय. पर मुदत हाय का न्हाई?"

"अजून तीन वर्षं आहे."

"मंग द्या परीक्षेचा कागद."

दीड तास ती तो कागद पुढ्यात घेऊन बसली. मधूनच मला दटावून विचारायची, "दादा, चार रस्त्यांवर चार गाड्या एकदम आल्या तर आधी कोण?" मार्वा म्हणायची, "विचारायचं नाही." व्हर्ला म्हणायची, "इचारत न्हाई, चिडचिड करतीया. चार गाड्या एकदम आमच्याकडं मयतालाच येतात." एक चूक आणखी झाली असती तर नापासच. झाली नाही.

केंडलनं आम्हाला परत आणलं. थेन सबंध वाट व्हर्लाच्या खांद्यावर डोकं टाकून पडला होता. सूज उतरली होती, पण अंगातली धुगधुगी पण उतरल्यासारखा दिसत होता. गुरुवारी मी पत्रा बसवला, पाटी बसवली, सगळं बोटांनी चाचपून. व्हर्ला शेजारी उभी राहून प्रत्येक स्क्रू बघत होती.

शुक्रवारी दहा वाजता तिनं गाडं पायरीशी आणून लावलं. गार वारं सुटलं होतं, उन्हाला ऊब नव्हती. थेन खुर्चीतून उठेना.

"तुला सांगितलं न्हवं," तो म्हणाला. "बास झालं. त्या दिशी नेलं ते नेलं. माझ्यात आता दम न्हाई व्हर्ला. मला काय शिकवायला जमणार? मान धरवत न्हाई मला."

"शिकवू नगंस. जागा ऱ्हा."

"कशापायी?"

तिनं त्याच्या काखेत हात घातले, मी पाय धरले, आणि आमच्या खोऱ्यात आजारी मेंढी टाकतात तसं त्याला सीटवर टाकलं. गोधडी गुंडाळली, पट्टा बांधला. तो शिव्या पण देत नव्हता. नुसता पुढं डोळे लावून बसला होता. मला तर वाटलं, हे दोघं आता परत येताना मी बघणार नाही.

व्हर्ला चाकामागं बसली. इंजिन चालू केलं. आणि मग त्याच्याकडं वळून बोलली, हळू नाही, तिला हळू येतच नाही:

"ऐक थेन. आता लई गोड बोलत न्हाई मी. जाताना तू जागा ऱ्हायचंस, येताना पण. वाटंत तू डोळं मिटलंस तर मला गाडं हितल्या हितं बंद करावं लागतंय. आन् तू मेलास, तर मला चालवत घरी यायला परवानगी न्हाई. कायद्यात लिव्हलंय. तुला तिथंच सोडून सव्वीस मैल चालत यावं लागंल, आन् हितं शंभर मेंढ्या व्यायच्या राहिल्यात. ह्या वयात मला तेवढं चालाय लावणार असशील, तर आत्ताच सांग. मी इंजिन बंद करते."

बोलता बोलता तिनं गिअर टाकून पाय दाबला होता, गाडं जागच्या जागी धडपडत होतं. मग थेननं गोधडीतून हात बाहेर काढला. मला वाटलं तो पट्टा सोडतोय.

"मंग हँडब्रेक काढ आधी," तो म्हणाला. "जळका वास यायला लागलाय."

गाडं फाटकातून बाहेर पडलं. मला ते फाटकापर्यंतच दिसलं, तेही पुसट. पण ऐकू येत होतं. कच्च्या रस्त्याच्या वळणापर्यंत थेन तिच्यावर ओरडत होता, डावीकडं घे, अगं डावीकडं, खड्डा दिसत न्हाई व्हय तुला, आणि ती त्याच्यावर ओरडत होती. मी मेंढवाड्यात जाऊन कोकरांना दूध पाजायला लागलो.